टँकर, मी आणि 'रद्द करा'

आता कसं सांगू तुम्हाला, आमच्या सोसायटीत मला अजूनही 'टँकरवाला' म्हणतात! हसू नका, आधी ऐका.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे ॲपची बटणं नीट चालतात का, ते बघणारा. हल्ली बटणंसुद्धा मी दाबत नाही. प्रोग्राम लिहून ठेवतो, तोच ब्राउझर उघडतो आणि भराभर दाबत सुटतो. तेव्हा काम होतं पाण्याचे टँकर मागवायच्या ॲपचं. उलव्याच्या बांधकामांपासून आमच्या पनवेलपर्यंत सगळ्यांच्या गरजेची वस्तू! टेस्टसाठी खोटा पत्ता कुठून आणू? घातला स्वतःचाच.

माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास. फक्त 'रद्द करा' बटणाची टेस्ट दर वेळी नापास. रिपोर्टमध्ये तेवढंच लाल दिसायचं. म्हटलं, आलेलं पाणी रद्द करतंय कोण? टाकली ती टेस्ट बंद करून.

मग ऑफिसातल्या मॅडमचा हुकूम आला, "हेच आता कंपनीच्या सर्व्हरवर चालवून दाखव. दुपारपर्यंत जमलं नाही, तर काम दुसऱ्याला देते."

सर्व्हर कुठे, तर साता समुद्रापार! इथून बटण दाबायचं, टेस्ट तिकडे चालणार. मी दाबलं. समोर ब्राउझर उघडेना. पुन्हा दाबलं. ढिम्म! पण आपण हटणार थोडेच? फोन बंद केला, दाराला कडी लावली आणि आईला ओरडून सांगितलं, "आज हे चालवल्याशिवाय जेवणार नाही!" मग काय, दाबतोय, दाबतोय.

अहो, त्या सर्व्हरला स्क्रीनच नसतो! ब्राउझर तिथेच उघडतो आणि कोणाला न दिसता काम उरकून बंद होतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं हो. ऐकतंय कोण?

थोड्या वेळाने आई दार बडवायला लागली. "अरे, खाली तुझ्या नावाने टँकर आलाय! आणि मागे दुसरा!"

स्क्रीनवर पाहिलं, तर घाईघाईत सर्व्हरवर टेस्टच्या नकली साइटऐवजी ॲपच्या खऱ्या साइटचा पत्ता टाकलेला! जितक्या वेळा दाबलं, तितके खरेखुरे टँकर.

धावत खाली गेलो. टाकी भरून वाहतेय, गेटबाहेर टँकरची रांग.

"शेट, पानी कुठं सोडू? मागं अजून गाड्या हायेत. आमी काय दिवसभर थांबनार नाय!" ड्रायव्हर म्हणाला.

"काय रे, गच्चीवर तलाव काढतोयस का?" सेक्रेटरी काका कडाडले.

"एक मिनिट काका, सगळे आत्ता रद्द करतो!"

फोन सुरू केला, ॲप उघडलं, 'रद्द करा' दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. तेवढ्यात गेटवर आणखी एक हॉर्न वाजला आणि माझं डोकंच फिरलं. "कोणत्या गाढवाने तपासलंय हे ॲप?"

वरून, गॅलरीतून आईचा आवाज आला, "तूच ना रे? चल, जेवायला ये आता. चाललं ना एकदाचं!"