बयनाबाईच्या कोठ्या

तलमडुगूकडच्या आमच्या गावात ज्वारी मातीच्या कोठीत भरून ठेवत. कोठी माणसाच्या छातीला लागेल एवढी उंच, आणि ती रचायची बायकांनीच. शेजारच्या लक्ष्मणरावांची बायको बयनाबाई या कामात पटाईत. चिकणमातीत शेण आणि कुटाराचा बारीक भुसा कालवून ती जाड वळ्या वळायची, एकीवर एक बसवायची. खालची सुकल्याशिवाय वरची चढवायची नाही. पण तिचं नाव झालं ते कोठीवरच्या चित्रांमुळे, आणि त्या चित्रांना सुरुवात झाली निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी.

त्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीनं गावातली बरीच घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. लक्ष्मणरावांनीही गाडी जुंपली, पण त्यांची म्हातारी आई गाडीत चढेना. तिची तांबडी कोंबडी सापडत नव्हती. पुढचे लोक हाका मारत होते आणि म्हातारी परड्यात कोंबडी हुडकत होती. शेवटी कोंबडी सापडली, तेव्हा तिला पदराखाली घेऊनच म्हातारी चढली. नदीत पाणी चाकांच्या आसाला लागलं तसं सगळे देवाचं नाव घेऊ लागले, म्हातारी मात्र कोंबडीला म्हणत होती, "भेऊ नको वो बाई, मी हाय ना."

म्हातारी परत आली नाही. पावसाळ्यात तापानं पलीकडेच गेली.

पोलीस ॲक्शननंतर घरची माणसं परतली, तेव्हा छप्पर जळालेलं होतं आणि जुनी कोठी फुटलेली. बयनाबाई नवी कोठी रचायला बसली. नऊ वर्षांची धाकटी लेक रेणुका जवळ येऊन म्हणाली, "माय, आजी कशी दिसे वो? मले तिचं तोंडच आठवून नाही राह्यलं."

घरात फोटो कुठला असायला? बयनाबाईनं ओला गोळा उचलला, कोठीच्या पोटावर चिकटवला आणि अंगठ्यानं दाबत गाडी काढली, बैल काढले, गाडीत म्हातारी, मांडीवर कोंबडी. चेहरा काही जमला नाही, पण बसायची ढब जमली.

"हो वो माय," रेणुका हसली, "अशीच बसे आजी!"

मग रोज जेवताना लेकरं त्या गाडीची गोष्ट मागू लागली. पुढच्या कोठीवर विहिरीत पडलेला दीर आला, त्याच्या पुढच्या कोठीवर आणखी कोणी. गावातल्या बायका बोलावू लागल्या, "आमच्या घरचंबी काढ." बयनाबाई आधी बसून सगळं ऐकून घ्यायची, मगच मातीला हात लावायची.

रेणुका मोठी झाली, तिचं लग्न किनवटकडे झालं. त्यानंतर वर्षभरात लक्ष्मणराव आदिलाबादच्या बाजारातून बातमी घेऊन आले.

"ऐकलं का? किनवट तालुका मुंबई राज्यात गेला. आपण आंध्रात. रेणुका आता दुसऱ्या राज्यातली."

बयनाबाई भाकर थापत होती. "काऊन? तिचं घर हालवलं काय?"

"घर तिथंच हाय."

"मंग जाता येते ना?"

"येते."

"मंग झालं."

म्हणाली खरी, पण बातमी मनातून जाईना. रेणुकाला दिवस गेले होते. तिकडे वाढणाऱ्या नातवंडाला आपली माणसं कशी कळायची? कोठी काही गाडीत घालून नेता येत नाही. संक्रांत झाली आणि बयनाबाई स्वतःच लेकीकडे कोठी रचायला निघाली.

रेणुकाची सासू राहीबाई तोंडानं फटकळ. कोठी उभी राहीपर्यंत तिची काही हरकत नव्हती. बयनाबाईनं चित्राचा गोळा उचलताच ती पुढे आली.

"ईनबाई, घर आमचं, ज्वारी आमची, अन् कोठीवर तुमची सासू? नाही चालणार."

बयनाबाईला राग आला, पण तिनं गोळा खाली ठेवला. "बरोबर हाय तुमचं. मंग तुमच्या घरचं सांगा. मी ऐकतो."

राहीबाई गडबडली. "आमचं काय सांगायचं?" म्हणता म्हणता ती भिंतीला टेकून बसली आणि सांगू लागली. लग्न झालं तेव्हा ती एवढीशी होती. बाप तिला घोड्यावर बसवून सासरी पोचवायला आला. तो परत निघाला तेव्हा ती घोड्याच्या गळ्याला मिठी मारून रडू लागली. बापानं घोडा तिच्यासाठी तिथंच सोडला आणि आपण पायी गेला.

दारात उभा असलेला तिचा मुलगा म्हणाला, "माय, हे तू कधी सांगितलं नाही."

"कोणी इचारलंच नाही रे."

बयनाबाईनं घोडा काढायला घेतला. जन्मभर तिनं बैलच काढलेले; घोड्याला वशिंड आल्यासारखं झालं.

"हा घोडा हाय का गोऱ्हा?" राहीबाईनं विचारलं आणि दोघी हसत सुटल्या. राहीबाईनं स्वतःच माती घेऊन मान ताणली, आयाळ काढली. मग मागे सरकून म्हणाली, "ईनबाई, पलीकडं जागा हाय. बसवा तुमची सासू."

रेणुकाला मुलगी झाली. ती बोलू लागली तशी दोन्हीकडच्या गोष्टी तिला तोंडपाठ झाल्या. राहीबाईच्या गोष्टीतला घोडा मात्र दरवर्षी थोडा उंच होत गेला, आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही.

पुढे बयनाबाई दरसाल सुगी संपली की तिकडे जायची आणि महिनाभर राहायची. आसपासच्या गावांतून दोघींना बोलावणी येऊ लागली. राहीबाई माणसांना बोलतं करायची, बयनाबाई माती लावायची. एकदा मी किनवटकडे पाहुणा गेलो, तर एका ओसरीवर दोघी कोपरापर्यंत माखून बसलेल्या. घरची नवी सून लाजत लांब उभी होती आणि राहीबाई तिला म्हणत होती, "अशी दूर काऊन? ये, बस. तुह्या माहेरी कोण कोण हाय, सांग बरं."