टेपच्या हेडला हळदकुंकू

आमचा कॉम्प्युटर शहरातल्या महाल भागातल्या ऑफिसात आणि टेपचं यंत्र सिव्हिल लाइन्सच्या मोठ्या ऑफिसात. एकीकडे आग लागली तर दुसरीकडे नक्कल राहावी, एवढंच त्यामागचं डोकं. रोज चारला तिकडचा रोजंदारीवरचा माणूस फोन करायचा, "मॅडम, रीळ चढवलं." मग मी इकडून कमांड द्यायची आणि डिस्कवरचं सगळं टेलिफोनच्या तारेतून तिकडच्या टेपवर उतरायचं. पाच रिळं, आळीपाळीने. तीन वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तो कुहीहून एसटीने यायचा आणि यंदा कायम होणार होता, हे मात्र मला पाठ झालं होतं. रोज ऐकवायचा न.

कायम व्हायचं ते हजेरीवर, आणि हजेरी डिस्कवर. जुने मस्टर साहेबांनी रद्दीत घातले होते, कॉम्प्युटर आला म्हणून. हुशारीच ती.

खंडेनवमीला आमच्याकडे टाइपरायटरपासून सायकलपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. त्या दिवशी त्याने विचारलं, "मॅडम, यंत्राले बी लावू का?" मी थट्टेत म्हटलं, "लावा न भाऊ. नाही तर रुसून बसंल ते." त्याने मनापासून लावलं. झाकण उघडून, टेप जिथून घासत जाते त्या हेडलाच. पुढे रोज माझ्या पडद्यावर काम पूर्ण झाल्याचं यायचं. टेपवर उतरलेलं परत वाचून पाहायचं असतं. मी पाहत नव्हते, मला पाचची बस गाठायची असायची.

दिवाळीनंतर डिस्क बसली. पाचही रिळांतून धड एक ओळ निघाली नाही.

चौकशीला त्याला महालात बोलावलं. मला वाटला होता त्याहून म्हातारा निघाला. कुंकू कोणी लावलं, असं साहेबांनी विचारलं. "मीच लावलं जी," तो म्हणाला. माझं नाव घेतलं नाही. मग म्हणाला, "हजेरीचं मॅडमले विचारा न साहेब. मी रोज फोन करत होतो. एक दिवस खाडा नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर खंडेनवमीचं बोलणंही निघालं असतं. मला आत काहीच वाटत नव्हतं, भीती नाही, दया नाही. लाज वाटली ती फार वर्षांनी. मी म्हटलं, "माझ्याकडे लिहिलेलं काही नाही."

साहेबांनी त्याच्या हजेरीचा पहिला दिवस म्हणून कागदावर उद्याची तारीख टाकली. तो "बरं जी" म्हणाला.