बटन बंद होतं

नोकरीत मी बरेच पंचनामे केले. बेसा भागातल्या त्या फ्लॅटचा मात्र आजही जसाच्या तसा डोळ्यांसमोर येतो.

मी तेव्हा ठाणेदार होतो. एका सकाळी दवाखान्यातून कळवलं की पंचविशीतली एक विवाहिता बल्ब बदलताना शॉक लागून गेली. अकस्मात मृत्यूची नोंद घेऊन आम्ही घर गाठलं. खिडकीपाशी खुर्ची होती. एका हातानं लोखंडी ग्रिल धरून तिनं दुसऱ्या हातानं बल्ब फिरवला होता, आणि बोटं बल्बच्या धातूच्या आट्यांना लागली होती.

दुपारी नाव न सांगता एका शेजाऱ्याचा फोन आला. "साहेब, सकाळी नवरा-बायकोचं भांडण चालू होतं." संध्याकाळी मुलीचे वडील तक्रार घेऊन ठाण्यात आले. निवृत्त कारकून, शांत माणूस. "याले सोडू नका साहेब. पोरगी खुर्चीवर चढली अन् यानं बटन चालू केलं."

नवरा बुटीबोरीच्या कापड गिरणीत कामाला. दोन दिवस बोलावून मी त्याचा जबाब घेतला. माहेरी जाण्यावरून भांडण झालं, हे त्यानं लगेच कबूल केलं. पुढे एकच वाक्य.

"बटन बंद होतं जी. मीच बंद केलं होतं."

"मग करंट आला कुठून?"

"मले नाही माहीत."

"तो दिवा कोणी बसवला?"

"ध्यानात नाही."

वर्षभरापूर्वी घेतलेल्या घरातला दिवा कोणी बसवला, हे माणूस विसरेल? हा काहीतरी लपवतोय, असं मी हवालदाराला म्हणालो.

तिसऱ्या दिवशी विद्युत निरीक्षकांना घेऊन गेलो. सासरे-जावई दोघेही हजर होते. निरीक्षकांनी बटन बंद केलं आणि होल्डरच्या आतल्या आट्यांना टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"बटन न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेवर बसवलंय," ते म्हणाले. "फेज, म्हणजे करंटची तार, थेट आट्यांना दिलीय. दिवा नीट लागतो, विझतो, म्हणून शंका येत नाही. पण बटन बंद केलं तरी आट्यांत करंट राहतोच. फेज बटनातून होल्डरच्या मधल्या टोकाला जायला हवी, आट्यांना न्यूट्रल. कोणी काढला हा पॉइंट?"

वडील भिंतीला टेकले.

"मी काढला," ते म्हणाले. "वास्तूच्या दिवशी. तिले खिडकीपाशी दिवा पाहिजे होता."

त्यांनी तक्रार मागे घेतली. सही करताना जावयानं कागद धरून ठेवला. चौकशीअंती अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण बंद झालं.

त्या दिवशी जिना उतरताना मी जावयाला विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"बटन बंद होतं, म्हणजे चूक पॉइंटमधेच असन, हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. पण पोरगी गेली त्यांची. हे कळल्यावर ते जगतील काय जी?"

घरी आल्यावर मी वायरमन बोलावून एकेक होल्डर तपासून घेतला. आजही आमच्याकडे मेन स्विच पाडल्याशिवाय कोणी बल्बला हात लावत नाही. तेवढी खबरदारी मला घेता आली. पण चौकशीत गप्प बसणारा माणूस स्वतःलाच वाचवत असतो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्या पोराला मी दोन दिवस खुनी समजून बाकावर बसवलं. बायको जाऊन तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. त्याची माफी मागायची राहूनच गेली.