छप्पर नसलेली बारा घरं

रूमसिंग पहिल्यांदा आमच्या घरी आला तो बंद पडलेला संगणक बघायला. काम झालं, चहा झाला, आणि कप खाली ठेवत त्यानं विचारलं, "सर, उद्या हाई घर सोडनं पडनं तं तुमी काय सोडी जाशात?" काय न्याल असं नाही, काय सोडून जाल. माझी बायको रनाळ्याची. मनातलं तिच्या मनात राहत नाही. "हाऊ मानूस घर सोडानी गोट कसाले करी ऱ्हायना?" तिनं त्याच्यादेखतच मला विचारलं. तरी पाच मिनिटांनी तीच माळ्याकडे बोट करून सांगत होती: बरण्यांची झाकणं, जुन्या लग्नपत्रिका, किल्ली हरवलेलं कुलूप. रूमसिंग वहीत उतरवून घेत होता.

म्हसावदला आम्ही एकाच शाळेत होतो. मी भूगोल शिकवायचो, तो संगणकांची खोली सांभाळायचा. पस्तिशीचा, किडकिडीत, इतर वेळी अबोल. पण एका खेळाचा विषय निघाला की थांबत नसे. साथीच्या रोगानं ओस पडलेल्या जगात एकट्या उरलेल्या माणसानं रिकाम्या घरांतून अन्न, औषध, हत्यार शोधत जगायचं, असा तो खेळ. त्यात प्रत्येक स्वयंपाकघरात मांसाचे डबे आणि बंदुकीच्या गोळ्या. रूमसिंगला ते बघवत नसे. पडद्यावरच्या एकेका वस्तूपुढे थांबून तो म्हणायचा, "हाई आठे कोनी ठेवं?" उत्तर सापडलं नाही की ती वस्तू काढून टाकायची आणि तिथं खरोखर जे सापडलं असतं ते घालायचं. खेळात असे बदल करून ते दुसऱ्यांनाही देता येतात, त्याला मॉड म्हणतात, हे मला त्यानंच शिकवलं.

तपासायला त्यानं मला बसवलं. पहिल्या घरात कपड्यांचे चार चिमटे मिळाले. दुसऱ्यात लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणि बिनकिल्लीचं कुलूप, म्हणजे आमचा माळाच. तिसऱ्या घरात मी उपाशी मेलो.

"अरे, माणसानं खायचं काय?" मी वैतागून विचारलं.

"घर सोडनारा खावानं संगे लई गयात ना, सर. मानूस पयले खावानं उचलस."

नकाशाच्या टोकाला, नदीकाठी, त्यानं बारा घरांचा एक पाडा केला होता. त्या घरांना छप्पर नव्हतं, खांब नव्हते, दारं नव्हती. ओटे आणि चुली तेवढ्या. परदेशातल्या खेळणाऱ्यांनी तक्रारी केल्या की ही घरं अर्धवट राहिली आहेत. मॉड जिथून सगळे उतरवून घेत, त्या संकेतस्थळवाल्यांनी आठ दिवसांची मुदत दिली: दुरुस्त करा, नाहीतर काढून टाकू. दोन वर्षांची मेहनत होती त्याची.

"टाक ना बारा छपरं," मी म्हणालो. "तुझं काय जातंय?"

"सर, आमी गाव सोडं तवय छप्पर संगे लई उनूत. खांब, कवलं, दार, सगळं टरकमा. आते ज्या घरमा ऱ्हातस ना, त्याले त्याच लाकडं शेतस."

तो पाडा म्हणजे त्याचं बुडालेलं गाव; धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. धरणांचा धडा मी दर वर्षी शिकवत होतो आणि तीन वर्षं शेजारी बसणाऱ्या या माणसाला त्याचं गाव कुठलं हे मी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली.

आपल्याला सगळं नीट आठवतंय की नाही, एवढीच त्याला धास्ती होती. म्हणून रविवारी त्यानं वडिलांना पुनर्वसनाच्या वसाहतीतून शाळेत आणलं. म्हातारबा खुर्चीच्या कडेवर बसून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. चुलीची जागा बरोबर होती; त्यांनी मान डोलावली. मग ओट्यापुढच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवून त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी म्हणाले. रूमसिंगनं खाली बघतच मला सांगितलं, "बा म्हनस, महू कोठे शे?"

घरापुढं मोहाचं झाड होतं. ट्रकमध्ये सगळं आलं, तेवढं आलं नाही. गावभर लोकांना काय सोडून जाल म्हणून विचारत हिंडणारा हा माणूस नेमकं तेच विसरला होता.

त्या आठवड्यात रूमसिंगनं छपरं घातली नाहीत, झाड लावलं आणि वडिलांना दाखवलं. मुदत संपली आणि मॉड काढून टाकलं गेलं. मी हळहळलो. तो म्हणाला, "बानी दखं ना, सर. बस."

पुढं त्याला धडगावकडे दुसरी नोकरी मिळाली. जाण्यापूर्वी त्यानं ते मॉड माझ्या संगणकात घालून दिलं.

मला तो खेळ अजून धड येत नाही. पण परवा कसाबसा जगत त्या पाड्यापर्यंत पोचलो. भुकेचा आकडा शेवटाला आला होता, म्हणून नुसता ओट्यावर बसून राहिलो. खेळात उजाडलं आणि झाडाखालची जमीन पिवळसर दिसायला लागली. जवळ जाऊन बघितलं तर मोहाची फुलं पडली होती, वेचता येण्यासारखी. त्या सगळ्या खेळात मला सापडलेलं हे पहिलं खाणं. इथे हे कोणी ठेवलं, असं या वेळी मी विचारलं नाही. खाली वाकलो आणि वेचायला लागलो.