खुळखुळ्याच्या दोन जाती
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला कॉलेजातली वाळवलेल्या वनस्पतींची कपाटं आठवतात, आणि माझी मैत्रीण. पन्नास-एक्कावन्न साल असेल. दिवाळीच्या आधी आमचा वर्ग झाडं गोळा करायला माजिवड्याच्या टेकडीवर गेला होता. तिथे पिवळ्या फुलांचा खुळखुळा दाट माजलेला. धक्का लागला की सुक्या शेंगांतल्या बिया वाजत. तुळशीच्या लग्नानंतर मैत्रिणीचं लग्न होतं आणि कॉलेज सुटणार होतं. दोन झुडपं दाखवून सर म्हणाले, "ही दोन्ही एकाच जातीची." ती हळूच म्हणाली, "सर, याच्या शेंगांवर लव आहे, त्याच्या गुळगुळीत आहेत." सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "बरोबर आहे तुझं. जाती वेगळ्या आहेत. ही फांदी वाळवून कागदावर लाव आणि खाली तुझं नाव लिही." "कुठलं लिहू, सर?" तिने विचारलं. "फांदी वाळेपर्यंत माझं नाव बदललेलं असेल." सर भिंग पुसत राहिले, मग म्हणाले, "आज सापडलीय ना? मग आजचं लिही." तिने लिहिलं. ती अजून कल्याणला असते. त्या नावाने तिला हाक मारणारी आता मी एकटीच उरले आहे.