थेंब येईपर्यंत

आज सकाळी आईच्या खोलीचं दार ढकललं आणि स्पिरिटचा वास आला. बाहेर गुरुग्रामचं जानेवारीतलं धुकं, समोरचे टॉवर दिसेनासे झालेले. आत टेबलाशी आई कापसाचा बोळा घेऊन बसलेली, समोर साखर तपासायचा डबा उघडा. बाबा पावसाळ्यात गेले, तेव्हापासून तो डबा कपाटात बंद होता. माझा पाय उंबऱ्यातच अडला.

बाबा फौजेतले. मी छावणीत वाढले, तिथे चारचौघांत बायकोशी लाडात बोलणं कुणाला जमत नसे, बाबांना तर नाहीच नाही. रस्त्याने ते पुढे, आई मागे. बसमध्ये शेजारी बसले तरी मध्ये भाजीची पिशवी. पण आईला मधुमेह निघाला आणि रोज सकाळी साखर तपासायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. टोचणं क्षणाचंच, पण इथल्या थंडीत बोटं अशी गारठतात की रक्त म्हणून येत नाही. मग बाबा तिचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेऊन चोळत बसायचे. काल कुठलं बोट झालं, हे त्यांना बरोबर ध्यानात असायचं. आई खिडकीबाहेर बघायची, बाबा बोटाकडे. एकमेकांकडे बघतील तर शपथ! चहा निवून जायचा.

अशातच एका दुपारी पोळ्या लाटता लाटता आई घामाने डबडबली आणि भिंतीला धरून खाली बसली. साखर इतकी उतरली होती की शब्द फुटेना. बाबा घरात होते, त्यांनी लगेच साखरेचं पाणी पाजलं, म्हणून निभावलं. "आणि घरात कुणी नसतं तर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मग त्यांनीच उपाय सांगितला. दंडावर चिकटवायचा सेन्सर. तो सतत साखर मोजतो, उतरायला लागली की फोनवर इशारा देतो, रोज बोट टोचायला नको. मला तर हायसं वाटलं.

आई मात्र अडून बसली. खाज सुटेल. आंघोळ कशी करू? ब्लाउजची बाही अडकेल. प्रत्येक शंकेला माझ्याकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तरानंतर तिच्याकडे नवी शंका. शेजारच्या आंटींनीही समजावलं, "बहनजी, लगवा लो, आजकल सब लगवाते हैं." आईने हसून त्यांच्यापुढे चहा ठेवला. शेवटी मी वैतागले. "अगं, जिवावर बेतलं होतं तुझ्या! शिकलीसवरलेली तू, हा कसला हट्ट?"

तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला. "लावून घे," ते म्हणाले. "मशीनच ते, चुकायचं कधीतरी. सकाळी बोटातून ताडून बघावंच लागेल. रोज."

अधूनमधून ताडून बघा, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. 'रोज' बाबांचं. आईने बाही वर सरकवली.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. म्हातारी माणसं नव्याला घाबरतात, असं आपण किती सहज म्हणून टाकतो. घाबरतही असतील. पण कधी कधी जुन्या कटकटीतच त्यांचं काही जपलेलं असतं आणि ते तोंडाने सांगायची सोय नसते. ह्यांनी रोज माझा हात धरावा, हे आई कुणाला सांगणार होती? मला? डॉक्टरीणबाईंना?

सेन्सर आजही तिच्या दंडावर आहे. मध्यंतरी भर मीटिंगमध्ये सेन्सरच्या इशाऱ्याने माझा फोन वाजला, मी घरी फोन करून तिला साखर खायला लावली, म्हणून ती आज समोर आहे. त्या यंत्राचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

"सेन्सर चुकतोय का गं?" मी जवळ जाऊन विचारलं.

"छे, बरोबर दाखवतो," आई म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

कुठलं बोट, ते तिनेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हातात येईल ते चोळायला घेतलं.

"तुझे हात गार आहेत," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ह्यांचे कधीच नसायचे."

सेन्सरचा आकडा माझ्या फोनवर केव्हाच येऊन बसला होता. मी फोन पालथा ठेवला आणि तिचं बोट चोळत राहिले.