बाहेरच्या अंगाचा बैल

पालीच्या किनाऱ्यावर अजूनही सांगतात की मॉलीची जीप समुद्रात बुडाली होती. जीप बुडाली नव्हती. ओल्या वाळूत चाक रुतून भरतीचं पाणी सीटला लागलं होतं, इतकंच. पण २००६ सालच्या फेब्रुवारीतल्या त्या सकाळी बारा जणांनी दोर लावून ती ओढून काढली, आणि बारा जणांनी ओढलेली गाडी म्हणजे बारा घरांतलं जेवतानाचं बोलणं. दुपारपर्यंत उत्तनच्या बाजारातही ठरून गेलं, की बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं.

मॉली तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. नवरा ज्युलियस बोटीवर जायचा, मुलगा जेसन शारजात एका कंपनीच्या गोदामात कामाला होता. ओहोटीच्या वेळी मॉली जीप वाळूत उतरवायची, होडीतून आलेले बोंबील-मांदेलीचे क्रेट मागे भरायची आणि डोंगरीचा उतार, मोर्वा, राई, मुर्धा करत भाईंदर पश्चिमेच्या बाजारात पोचवायची. त्याआधी वीस वर्षं तिनं हाच माल पाटीत घालून बसनं नेला होता. कंडक्टर रोज सांगायचा, "बाई, मागं जा, वास मारतो." लष्कराच्या लिलावातली ही जुनी जीप घरात आली आणि कुठं बसायचं हे मॉलीला सांगणारं कोणी उरलं नाही. लायसन तिनं बेचाळीसाव्या वर्षी काढलं, तेही पहिल्या फटक्यात. ज्युलियसनं कधी काढलंच नाही. त्याला समुद्रात चारी दिशा कळायच्या, रस्त्यावर मात्र डावं-उजवं विचारावं लागायचं.

त्या रात्री तो जेवून उठला आणि हात धुताधुता म्हणाला, "गारी पक्की कर, न्हायतर विकून टाक. धाकूचा टेम्पो हाय. मी बोललोय त्याच्याशी."

"बोललास पन?"

"नुसता बोललो."

भाईंदरच्या धाकूचा टेम्पो म्हणजे काय ते मॉलीला न सांगता कळत होतं. टेम्पो वाळूत उतरत नाही. तो वर रस्त्यावर उभा राहणार, क्रेट बायकांनी डोक्यावरून वर चढवायचे, आणि मग धाकू पुढे बसणार आणि मॉली मागे, मासळीशेजारी.

शुक्रवारी जेसनचा फोन आला. त्याला सगळं आधीच कळलं होतं. पालीची बातमी शारजाला पोचायला मासळी भाईंदरला पोचण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

"मम्मी, टेन्शन नको घेऊ. आम्ही इथं सुट्टीच्या दिवशी वाळूत गाड्या घेऊन जातो ना, सगळे डिफरन्शियल बदलतात, मागच्या दोन चाकांच्या मधला तो गिअरचा गोळा. जुन्या पार्टच्या बाजारात तुझ्या एक्सलला बसतील असे दोनच आहेत. एक लॉकर, एक लिमिटेड स्लिप. बटण दाबून चालू-बंद होतो तो तुझ्या गाडीला बसत नाही. माझं ऐक, लॉकर घे. इथं सगळे लॉकरच लावतात. ईस्टरला येतोय, बॅगेत टाकून आणतो."

"दोनीत फरक काय?"

"लॉकर दोन्ही चाकांना एकत्र बांधतो. एक फिरलं की दुसरं फिरणारच. लिमिटेड स्लिप थोडं थोडं धरतो."

स्पीकरवर ऐकणाऱ्या ज्युलियसला एवढं पुरलं. "थोरा थोरा म्हनजे काय? नांगर एकतर धरतो, न्हायतर न्हाय धरत. अर्धा धरनारा नांगर कोनी बोटीवर ठेवतो काय? लॉकरच आन."

विषय संपला. गाडी चालवणारी बाई तिथंच बसून बोंबील सुकवायच्या काठीला दोरी गुंडाळत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. बोलण्यासारखं तिच्याजवळही अजून काही नव्हतं.

ते तिला राईच्या नाथानं मिळवून दिलं. नाथा मिठागरात मीठ ओढायचा. त्याचीही जीपच होती, आणि त्यानं डिफरन्शियलच्या आतली दातेरी चाकं वेल्डिंग मारून कायमची जोडून टाकली होती. "फॉरेनचा पार्ट कशाला गो?" तो म्हणाला. "माझ्या गाडीला बघ, फुकटातला लॉकर! ये, चालवून बघ."

मिठागराच्या चिखलात नाथाची जीप रेड्यासारखी गेली. मॉलीला क्षणभर वाटलं, ज्युलियसचं खरं आहे. मग तिनं गाडी रस्त्यावर घेतली आणि डोंगरीच्या दुसऱ्या वळणावर स्टीअरिंग फिरवलं. स्टीअरिंग फिरलं, गाडी फिरली नाही. टायर किंचाळले, नाक सरळ पुढं सरकत राहिलं, आणि वळणावरच्या क्रूसापासून हातभर अंतरावर जीप थांबली. क्रूसाला कोणीतरी सकाळी घातलेला झेंडूचा हार मॉलीला फूल अन् फूल दिसत होता.

"होते सवय," शेजारी बसलेला नाथा हसत म्हणाला. "आधी जरा सरळ जाते, मग वळते. टायर तेवढे लवकर खाते."

मॉलीनं घरी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ज्युलियस म्हणाला असता, घाबरते तर चालवते कशाला? आणि त्याच्यापुढं धाकूचा टेम्पो उभाच होता. आठ दिवस ती त्या वळणावरून आपल्या जीपमधून जाताना क्रूसाकडं बघायची नाही.

नवव्या दिवशी बाजारात माल उतरवून ती घरी न वळता पूर्वेला नवघरला गेली. तिथं शशिकांतचं गॅरेज होतं. शशिकांत मूळचा रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून आधी स्वतःच्या डब्यातला चहा देणार, आणि चहा संपेपर्यंत गाडीकडं बघणारही नाही. मॉलीनं चहा घेत दोरापासून क्रूसापर्यंत सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं सोपं गेलं.

शशिकांतनं जीपचं मागचं अंग जॅकवर उचललं, खाली लाकडी ठोकळे लावले, गाडी गिअरमध्ये टाकली. "हे चाक फिरवा, ताई."

मॉलीनं हातानं उजवं चाक पुढं फिरवलं. पलीकडचं डावं चाक उलटं, मागं फिरू लागलं.

"आता मी डावं धरतो." त्यानं पलीकडं जाऊन चाक धरलं. "इंजीन चालू करा, पहिला टाका, क्लच हळूच सोडा."

उजवं चाक सुसाट फिरू लागलं. डावं शशिकांतच्या दोन हातांत गप्प होतं. कळशी धरावी तसं त्यानं ते धरलं होतं.

"बघितलंत? ताकद जिकडे सोपं, तिकडे पळते. ओल्या वाळूत एक चाक सुटलं की सगळं त्यालाच. दुसरं कोरड्यावर असलं तरी नुसतं बघत बसतं. फोर-व्हील लावली तरी पुढचं एक आणि मागचं एक, म्हणजे दोनच."

मॉलीनं इंजीन बंद केलं.  "म्हनजे त्या दिवशी... माझी चूक न्हाय?"

"तुमची?" शशिकांतनं हात पुसले. "तुमच्या जागी मी असतो तरी दोरच लागला असता."

पंधरा दिवस छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं होतं, तो पाटा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला. मॉलीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिनं ते डिझेलच्या धुरावर ढकललं.

"बैलांसारखा हाय हे," ती म्हणाली.

"काय?"

मॉली डोंगरीची. तिचा बाप बैलगाडीतून मीठ न्यायचा, आणि भाऊ लहान म्हणून कासरा दहा वर्षांच्या मॉलीच्या हातात असायचा. "एक बैल सुटून पळाला नि दुसरा उभा राहिला तर गारी तिथंच. पन दोघांच्या माना लोखंडानं बांधल्या तर वळनावर मरतील. आतला बैल कमी चालतो, बाहेरचा जास्त. बाहेरच्या अंगाच्या बैलाला वळनावर मोकला सोरावा लागतो. बाबा म्हनायचा, त्याला धरून ठेवलास तर जू मोरंल, न्हायतर गारी उलटंल."

शशिकांत तिच्याकडं बघत राहिला. "तीस वर्षं पोरांना मी हेच शिकवतोय, एवढं सरळ कधी जमलं नाही. बरं, आता एक सांगा. वाळूत किती चालवता आणि रस्त्यावर किती?"

"वाळू दोनशे पावलां. रस्ता बारा किलोमीटर. दिवसातून दोनदा."

"मग तुमची गाडी रस्त्याची आहे, ताई. वाळूत ती नुसती उतरते." त्यानं कप विसळून पालथा घातला. "लॉकर वाळूत राजा, खोटं बोलणार नाही. जेसन म्हणतो तो वेल्डिंगइतका वाईटही नाही. वळणावर सोडतो. पण पाय अॅक्सिलेटरवर असला तर कधी सोडेल, कधी खाडकन धरेल, नेम नाही. भरल्या गाडीनं, भिजल्या उतारावर ते नको. लिमिटेड स्लिपच्या आत प्लेटा असतात. एक चाक फार पळायला लागलं की त्या दाबून थोडी ताकद दुसरीकडे देतात. वळणावर मोकळा. पण तो जादू नाही. चाक पूर्ण अधांतरी लटकलं तर तो काही करणार नाही. प्लेटा झिजतात, तेल वेगळं लागतं, ते बदलायचं विसरायचं नाही."

"आनि चाक अर्धवट सुटला तर?"

"तर डाव्या पायानं ब्रेक हलका दाबायचा आणि उजव्यानं रेस द्यायची. पळणाऱ्या चाकाला अडवलं की प्लेटा धरतात."

"पलनाऱ्या बैलाचा कासरा ओढायचा."

"तसंच."

परत जाताना मॉलीनं पीसीओवरून शारजाला फोन लावला. "लिमिटेड स्लिप आन."

"पण पप्पा लॉकर म्हणाले ना?"

"पप्पा गारी चालवतात काय?"

 पलीकडं जेसन हसला. "ओके मम्मी. पप्पांना तू सांग."

ते तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं, क्रूसासकट. ज्युलियस जाळं शिवत होता. क्रूसाचं ऐकून त्याची सुई थांबली.

"मना तवाच का न्हाय सांगितलास?"

"तू काय म्हनला असतास ते मना ठावं होता."

त्यानं सुई पुन्हा जाळ्यात घातली. "आनि परत अरकली तर?"

"अरकली तर गारीची किल्ली मी स्वता खिलयाला टांगीन. धाकूच्या टेम्पोत मागं बसीन. तोंडातून शब्द काढनार न्हाय."

"बघ हां."

"बघ."

ईस्टरच्या आठवड्यात जेसन आला. कपड्यांच्या घडीत गुंडाळलेला तो लोखंडी गोळा आणि वेगळ्या तेलाच्या दोन बाटल्या त्यानं टेबलावर ठेवल्या, केक आणि खजुराच्या मध्ये. शशिकांतनं दोन दिवस घेऊन तो बसवला. डोंगरीच्या वळणावर जीप पूर्वीसारखीच मुकाट वळली. मॉलीनं त्या दिवशी क्रूसाकडं बघितलं.

पण वाळूची परीक्षा बाकी होती आणि किनाऱ्यावरचे लोक ती मॉलीला विसरू देत नव्हते. मॉली जीप उतरवू लागली की जाळी झटकणारे हात थांबायचे. कोणीतरी ओरडायचं, "दोर आनू काय गो?" महिना असाच गेला. मे संपता संपता पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला थोडे दिवस उरले होते. त्या सकाळी होडी उशिरा लागली आणि भरती वर चढू लागली. मॉलीनं क्रेट भरले, गाडी वळवली, आणि फेब्रुवारीतल्या जागेपासून दहा पावलांवर उजवं मागचं चाक मऊ वाळूत गेलं. चाक फिरलं. वाळूचा फवारा उडाला. जीप थांबली.

किनारा उठून उभा राहिला. ज्युलियस होडीवरून उतरला आणि त्यानं दोराचं भेंडोळं खांद्यावर घेतलं.

मागच्या चाकाशी पाणी येऊन परत गेलं. मॉलीनं ॲक्सिलेटर सोडला.  मग डावा पाय ब्रेकवर ठेवला, कासरा ओढावा इतकाच, आणि उजव्यानं रेस दिली. इंजीन कण्हलं. चाक अजून फिरतच होतं. तिनं डावा पाय केसभर आणखी दाबला. फिरतं चाक जड झालं, आणि डाव्या अंगानं, कोरड्या वाळूतून, जीपला कोणीतरी खांदा दिला. एक वीत. मग हात. मग जीप हलत-डुलत, बोंबलांचं पाणी गाळत, थेट वर रस्त्याला लागली.

मॉलीनं गाडी उभी केली तेव्हा तिचे पाय इतके कापत होते की खाली उतरणं शक्य नव्हतं. म्हणून ती रुबाबात बसून राहिली.

खालून ज्युलियस चढून आला. दोर खांद्यावरच होता. त्यानं मागच्या चाकाला हात लावून बघितला, गरम बैलाच्या पाठीला लावावा तसा. मग पलीकडचं दार उघडून तो तिच्या शेजारी बसला, दोर पायाशी टाकला.

"कुठं निघालास?"

"भायंदरला. धाकूला सांगायचा हाय, टेम्पो नको म्हनून."

"फोन कर त्याला."

"समोर सांगतो," ज्युलियस म्हणाला. मग जरा थांबून, "वलनावर कशी जाते ते पन बघतो."

मॉलीनं गिअर टाकला. डोंगरीच्या दुसऱ्या वळणाला त्यानं सीटसमोरचा दांडा घट्ट धरला, आणि वळण संपल्यावरही बराच वेळ सोडला नाही. मॉलीला ते दिसलं, आणि तिनं पुढचं वळण जरा हळू घेतलं. मुर्ध्याला पोचेपर्यंत तिचे पाय कापायचे थांबले होते.